गॅरेजमधली नैरोबी

मुग्धा गेल्याचं कळलं तेव्हा मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टला होते. ती त्याच आवारात, पलीकडच्या इमारतीत. साथीमुळे भेटायची परवानगी एकालाच, म्हणून आत फक्त तिचा नवरा सचिन जायचा. मी जाता-येता तिच्या खिडकीखाली थांबून हात हलवायचे; तिला दिसायचा की नाही, देव जाणे. फोन तिच्या लेकीचा, ईराचा होता. "मावशी, मम इज गॉन," एवढंच बोलली. मी हातमोजे काढले आणि स्टुलावर बसून राहिले... काही आठवडे झाले, पण राग अजून गेलेला नाही. अजून खूप भांडायचं होतं मला तिच्याशी.

सिडनीत युनिव्हर्सिटीला आम्ही एकत्र होतो. बाकीचे आम्ही सगळे ज्याने पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी मिळेल ते शिकत होतो, आणि ही बाई कायद्याची पदवी घेऊन निघाली नैरोबीला. मोबाइल, इंटरनेट, लोकांची खासगी माहिती, यांचे कायदे तिकडच्या देशांत तेव्हा आकार घेत होते. "आफ्रिकेत जाऊन कोण करिअर करतं गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "काय लिहायचं यावर तिथे आत्ता भांडणं चाललीत. मला त्या खोलीत बसायचंय." आणि बसली. आधी ग्रेस नावाच्या एका खमक्या वकीलबाईंच्या हाताखाली, मग त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. पुढे सचिनच्या नोकरीसाठी ती सिडनीला परतली, माझ्या समोरच स्कोफिल्ड्सला घर घेतलं, तेव्हा आमच्या ग्रुपने "झालं हिचं" म्हणून टाकलं. आमचा ग्रुप असल्या बाबतीत कायम चुकतो. महामारी आली, बैठका ऑनलाइन झाल्या, आणि लॉकडाऊनने लोकांना घरात डांबलं तरी हिला थेट नैरोबीत नेऊन सोडलं.

घरात सचिनच्या मीटिंगा आणि ईराची शाळा, त्यामुळे हिचं ऑफिस म्हणजे गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी. आपली आर्वो, म्हणजे दुपार, ती तिथली सकाळ. शिफ्ट संपवून मी अंतर राखून गॅरेजच्या दारात कॅम्पिंगची खुर्ची टाकायचे, आणि गाडीतून मुग्धा मला कायद्याचं एकेक कलम मराठीत सांगायची. ही तिची कामाची पद्धतच होती. सांगून झालं की विचारायची, "कळलं?" मी नाही म्हटलं की कलम परत लिहायला घ्यायची. "तू हुशार आहेस, पण कायद्यात ठार ढ आहेस. म्हणून तू लागतेस मला," असं वर ऐकवायची.

तिकडच्या एका देशात साथीसाठी लोकांच्या फोनवरून कोण कुठे गेलं याची माहिती गोळा होत होती. ती 'गरज असेपर्यंत' ठेवावी, असं मसुद्यात होतं. "गरज कुणाची?" मी सहज विचारलं. मुग्धा हसली, आणि त्या दिवसापासून त्या दोन शब्दांच्या मागे हात धुऊन लागली. तोवर तिची केमो सुरू झाली होती. मी म्हटलं, सोड ना आता, ग्रेस बघतील. तर म्हणाली, "हे असंच राहिलं तर एवढी वर्षं मी केलं काय?"

शेवटच्या सुनावणीला डोक्याला स्कार्फ बांधून ती गाडीत बसली. तिकडच्या एका अधिकाऱ्याने विचारलं, ऑस्ट्रेलियात बसून तुम्हाला आमचं काय कळणार? मुग्धाने शांतपणे त्यांना ब्लॅकटाउनच्या आमच्या वाण्याचा किस्सा सांगितला. साथीच्या नियमाप्रमाणे दुकानाच्या दारात तिने नाव आणि नंबर लिहिला, आणि दुसऱ्याच दिवशी एका एजंटाचा मेसेज आला, घर विकायचंय का? तिने दुकानात जाऊन "भैया, ये सबको दिखता है" म्हणून त्या कागदावर आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा ठेवला होता. "माझं मी पुठ्ठा ठेवून भागवलं," ती म्हणाली, "फोनमधून जाणाऱ्या माहितीवर तुमच्याकडच्या बाईने काय ठेवायचं?" पडद्यावर ग्रेस हसल्या. अधिकारी नाही हसले. निर्णय त्या दिवशी झाला नाही.

गेल्या शनिवारी ईराने मला गॅरेजमध्ये बोलावलं. माझी खुर्ची तिने आधीच मांडली होती. मंजूर झालेल्या त्या कलमाचा मजकूर ग्रेसनी पाठवला होता. ईरा आईच्या सीटवर बसली. ही पोरगी मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला इंग्लिशमध्ये उत्तर देते. पण त्या दिवशी थांबत, अडखळत तिने मराठीत सांगितलं, "साथ संपली की... माणसाची माहिती पुसायची. आणि पुसली, असं त्याला... टेल करायचं. सांगायचं." मग मान वर करून विचारलं, "कळलं?"

कळलं होतं. म्हटलं, "नाही कळलं. परत सांग."