खिंडीतली नेस्टामावशी

नेस्टामावशीच्या गुडघ्यात नवी वाटी बसवून चार महिने झाले, आणि आम्ही शहाण्यांनी परस्पर ठरवून टाकलं, की यंदा ती मेंढ्या उतरवायला डोंगरावर येणार नाही. सांगायचं काम शेजारी म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

"मावशी, उद्या तू चहाचं बघ."

"चहाचं? इडवाल, तुला स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता, तेव्हापासून मी मोएल वेलेन चढतेय."

"पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर येणार आहे का मेंढ्या वळायला?"

मग ती पाठ फिरवून किटली घासायला लागली. मला फार वाईट वाटलं. साठ वर्षांत तिची एक खेप चुकली नव्हती. नवरा गेला त्या साली सुद्धा. माणसाला एकदा घरी बसवलं की ते कायमचं बसतं, हीच तिची धास्ती.

मोएल वेलेन काही नावाजलेला डोंगर नाही. वेल्समध्ये भटकायला येणारे पलीकडच्या उंच शिखराकडे धावतात, इकडे येतो तो वाट चुकलेला. आमचं काही अडत नाही. वर कुंपण नाही. प्रत्येक घरच्या मेंढ्या आपापल्या उतारावर चरतात, आईमागून लेक तोच उतार शिकते. लोकर कातरायच्या आदल्या दिवशी सगळी घरं ओळीने डोंगर चालतात आणि कळप खाली आणतात.

त्या सकाळी लख्ख ऊन होतं, कुत्री रंगात आली होती, आणि मी शीळ घालत होतो. डोंगरातल्या तळ्याच्या वर पोचलो तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की खिंडीत कुणाला नेमलंच नाही. तिथे मावशी असायचीच. दाराला कुणी सांगतं का, तू इथेच उभं राहा म्हणून?

पुढची मेंढी नेमकी खिंडीकडे वळली. ती पलीकडे उतरली की अख्खा कळप मागोमाग जाणार आणि दिवस पाण्यात. मी ओरडत धावत सुटलो. तेवढ्यात वरून हाक आली.

"होऽ होऽऽ! कुठे निघालात गं बायांनो?"

खिंडीत काठी आडवी धरून मावशी उभी होती. उजाडताच निघाली होती म्हणे, जुन्या वाटेने, दर शंभर पावलांवर बसत. मेंढी थबकली, मुकाट्याने वळली, आणि कळप तिच्यामागून तळ्याकडे उतरू लागला.

मी कसाबसा वर पोचलो. "मावशी, गुडघा?"

"गुडघा झकास. तो नवा आहे. कुरकुर करते ती बाकीची जुनी मी."

"आणि चहा?"

"किटली भरलीय, मनुकांचा ब्रेड कापून झाकलाय. आणखी काय हवं?"

आनंदाने माझे डोळेच भरून आले. "मावशी, पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी," कळपावरची नजर न काढता ती म्हणाली, "चहाचं तू बघ. तुझी ही धाप मला ऐकवत नाही."