बैठक सोडून जाणारा अध्यक्ष

योगेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी विसरवाडीच्या फाट्यावर नंदुरबारच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. सुरतच्या दवाखान्यातून त्याच्या मेहुण्याने केलेला फोन होता. हृदयविकाराचा झटका, एवढंच कळलं. गाडी आली, मी चढलो, तिकीटही काढलं असणार… काहीच आठवत नाही. योगेश माझा चुलतभाऊ आणि विद्यापीठातला वर्गमित्र. कळसाडीत, आमच्या गावी, आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून विहिरीच्या पाण्याची सामाईक योजना केली, तिचा तो पहिल्यापासून अध्यक्ष. त्याला जाऊन महिना उलटला. त्याच्या जागी लोकांनी मला बसवलंय, आणि हा माणूस नेमकं काय करायचा हेच मला उमगत नाहीये.

व्यवस्थापन शिकताना आम्हाला नेतृत्वाचा एक विषय होता. मी तो घोटून पाठ केला होता. हुकूम सोडणारा नेता, सगळ्यांना विचारणारा नेता, वाऱ्यावर सोडणारा नेता… झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. सर म्हणायचे, पुस्तकातलं पुरे, प्रत्येकाने स्वतःची शैली घडवा आणि वर्गासमोर करून दाखवा. योगेशची पाळी आली तेव्हा त्याला सहलीची बैठक चालवायला दिली. अर्धा वर्ग तोरणमाळ म्हणत होता, अर्ध्याला समुद्र हवा होता. आवाज चढले, बाकं वाजायला लागली, आणि आमचे अध्यक्ष शांतपणे उठून वर्गाबाहेर निघून गेले! आधी सगळे हसले. मग गप्प झाले. मग हळूहळू नीट बोलायला लागले. तो परत आला तेव्हा तोरणमाळ ठरलं होतं. सरांनी विचारलं, "ही शैली म्हणायची की पळपुटेपणा?" योगेश म्हणाला, "सर, मलाही अजून कळलेलं नाही." मला त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळाले, याचा तेव्हा फार आनंद झाला होता.

गावी आल्यावरही त्याने तेच केलं. ऊसवाल्यांना पाणी लवकर हवं असायचं, कापूसवाल्यांना आपल्या सोयीने, आणि दिवसाची पाळी तर प्रत्येकालाच हवी असायची. बैठकीत भांडण पेटलं की योगेश चप्पल घालून बाहेर. परत येऊन फक्त विचारायचा, "काय ठरनं?" आणि खरंच काहीतरी ठरलेलं असायचं. मला वाटायचं, याने आपली शैली शोधली बुवा. लोकांवर भरवसा टाकायचा आणि बाजूला व्हायचं, पुस्तकात असतं तसं. एकदा कौतुकाने मी त्याच्या मागोमाग गेलो. तो पंपघराच्या सावलीत भिंतीला टेकून उभा होता आणि गमछ्याने घाम पुसत होता.

"काय करी ऱ्हायना रे?"

"काहीच नही. भांडण ऐकं का मन्हा जीव घाबरस."

मी हसलो, तोही हसला. आता तेच वाक्य डोक्यातून जात नाही. ती शैली होती, भिडस्त स्वभाव होता, की तेव्हापासूनच छातीत काही दुखत होतं? वहिनीला विचारावं म्हटलं, तर तिने गोंधळात भरच घातली. "भिडस्त? घरमा तं त्यासनाच शबद चाले, भाऊ," म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मग मी नेमका कोणता योगेश ओळखत होतो? खूप आठवण येते त्याची, आणि रागही येतो. निदान एकदा तरी नीट सांगायचं होतंस, बाबा!

गेल्या आठवड्यात माझी पहिली बैठक झाली. विहिरीचं पाणी खाली गेलंय, उन्हाळ्याच्या पाळ्या लगेच ठरल्या नाहीत तर टोकाच्या शेतातला ऊस हातचा जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी भांडण पेटलंच. मी आधी समजावलं, मग दटावलं, पुस्तकातलं सगळं वापरून झालं. कुणी ऐकेना. शेवटी उठलो, चप्पल घातली आणि बाहेर येऊन उभा राहिलो. आत क्षणभर शांतता झाली. वाटलं, जमलं आपल्याला! मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. लोक घरी निघाले होते.

आमच्यात सगळ्यात वयस्कर असलेले रतनआप्पा दारात येऊन थांबले. "विलास, तू काबरं भाईर उना?"

"योगेशही बाहेर जायचाच ना, आप्पा?"

"तो जाये," आप्पा म्हणाले. "पन आमले माहीत ऱ्हाये, तो आते परत येई. तो येवाना पहिले मिटाडी टाकूत, असं वाटे. त्याना तोंडवर भांडानी लाज वाटे रे…"

आप्पांनी सगळ्यांना हाका मारून परत बसवलं. मीही आत जाऊन अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलो. सगळे दाराकडे बघत होते… आणि मीसुद्धा.