कोपरच्या काकूंची खिचडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न विचारलेलंही सांगत सुटतो.

माणसं जोडायची तर एकत्र जेवावं, एवढी अक्कल गुहेतल्या माणसालाही होती. मी पडलो डोंबिवलीतला, पदवीधर होऊ घातलेला! कॉलेजात असताना एका गुरुवारी मिलिंदनं मला कोपरला घरी जेवायला नेलं. मला मटण आवडतं हे त्यानं आईला आधीच सांगून ठेवलेलं. काकूंनी ताटं मांडली. वासानंच तोंडाला पाणी सुटलेलं — ते गिळत मी म्हणालो, "काकू, आज माझा उपास."

सकाळीच कॅंटीनमध्ये मिलिंदसमोर बसून मी ऑम्लेट-पाव हाणलेला. तो माझ्याकडे बघत राहिला.

"अगं बाई! आधी सांगायचंस ना रे बाळा," म्हणत काकूंनी केळी पुढे केली.

मला वाटलं, सुटलो. पुढच्या गुरुवारी काकूंनी मुद्दाम बोलावलं. समोर साबुदाण्याची खिचडी — म्हणजे गोळाच. "आमच्यात उपास नसतात रे. शेजारणीला विचारून केलीय. कढई नवीन आणलीय हां, मटणाची नाही. बिनधास्त खा."

खाल्ली. काय करणार?

तेव्हापासून, माझ्या घरी कुणी कधी न पाळलेला गुरुवार मी कोपरला पाळतो! नोकरी गेली तेव्हा, बाबा गेले तेव्हा — त्या बशीनं मला किती वेळा उभं केलं असेल? इतक्या मायेनं मला फार थोड्यांनी खाऊ घातलंय. आता ती खिचडी अशी मोकळी होते, की आमच्याकडे कुणाला जमायची नाही. मिलिंद शेजारी बसून रस्सा ओरपतो. "महाराज, चालू द्या तुमचा फराळ," म्हणतो, हसतो. ऑम्लेटबद्दल चकार शब्द नाही.

आम्ही ब्राह्मण, ते बौद्ध. जातीचा काय संबंध, त्या दिवशी पोट ठीक नव्हतं — असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण ठाण्यातल्या कुठल्याही खानावळीत, कुणी रांधलंय ते न विचारता, हाडं चोखणारा मी — माझं पोट नेमकं तिथंच बिघडलं?

काकू आता थकल्यात. परवा वाढताना म्हणाल्या, "एवढा नेम हल्ली कोण पाळतं रे?" मी मान खाली घातली. आणखी घेतली.

उपास नव्हता, काकू. मला तुमच्या हातचं नको होतं.