वरचा कप्पा

पंप बनवणाऱ्या कारखान्यातली ड्रॉइंगची नोकरी सोडून मी स्वतःची कामं घ्यायला घराच्याच मागच्या खोलीत टेबल मांडलं. तरी माझी बायको, शोभा, रोज सकाळी तीन कप्प्यांचा डबा भरते. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "अगं, स्वयंपाकघर या भिंतीपलीकडे आहे. ताट वाढ की."

ती म्हणाली, "ताटात जेवलात की सुट्टीवर असल्यासारखं वाटतं. डबाच बरा."

डब्याचा वरचा कप्पा माझा कधीच नव्हता. कारखान्यात आम्ही सगळ्यांचे डबे मधोमध ठेवायचो, म्हणून प्रत्येकाच्या घरून इतरांसाठी जास्तीची भाजी यायची. शोभाच्या भरल्या वांग्यांवर तर उड्या पडायच्या. आता तो कप्पा दुपारी तसाच राहतो. संध्याकाळी ती भाजी पातेल्यात ओतते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच भरते.

साहेबाची कटकट सुटली म्हणून मी पेढे वाटले होते. त्या कटकटीबरोबर 'चल रे जेवायला' ही हाकही जाईल, हे डोक्यातच आलं नाही. फोन वाजत नाही. खोली इतकी शांत असते, की पेन्सिल खाली ठेवली तरी दचकायला होतं.

आज डबा आला तो दोनच कप्प्यांचा. वरचा कप्पा शोभाने काढून ठेवला होता. सवयीने मी डबा टेबलाच्या मधोमध सरकवला, आणि मग प्रत्येक घासाला मलाच हात लांब करावा लागला.