न फोडलेला खांब

कापसाने दगा दिला त्या वर्षांत आमच्याकडे लोकांनी घरांना चुना लावणंही सोडलं. लग्नं पुढे गेली, नवी घरं जोत्यावरच थांबली. चुनाच कुणाला नको म्हटल्यावर राजूरकडच्या जुन्या चुनखडीच्या खाणीवरच्या भट्ट्या एकेक करून विझल्या आणि वस्ती उठली. माझे बाबा जन्मभर त्या खाणीत दगड फोडत आले होते. शेवटची भट्टी विझली त्याच हिवाळ्यात तेही गेले.

मी दारव्ह्याला शाळेत भूगोल शिकवायचे. आई माझ्याजवळ. म्हणजे एका घरात. बोलणं म्हणाल तर तिखट-मिठापुरतं. मला लग्नाचा योग आला नाही आणि आईला माणसांचा कंटाळा, त्यामुळे आमचं दार वाजलं की दोघी दचकायचो.

बाबांचे दिवस झाल्यावर ती एकदा खाटेवरूनच म्हणाली, "खाणीवर जाऊन येतं काय? पाहून ये, सीताफळाचं झाड उरलं काय."

ती काय विचारतेय ते मला ठाऊक होतं. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. नाव ठेवायच्या आधीच गेला. खाणीच्या कडेला एका सीताफळाखाली त्याला पुरलं. पुढे खाण त्याच बाजूला वाढू लागली. आईने बाबांना विनवलं, तेवढी जागा फोडू नका. बाबा मूग गिळून बसले आणि सकाळी दगड फोडायची सब्बल खांद्यावर टाकून कामावर गेले. मी तेव्हा पोटात होते. आई तशीच दारव्ह्याला माहेरी आली, ती परत गेलीच नाही.

"पोराच्या अंगावर सब्बल घातली त्यानं, त्याच्या घरी नांदू काय?" हे मी लहानपणी एकदाच ऐकलं, तेही ती मामीशी भांडत होती म्हणून. बाबा सणावाराला यायचे, ओसरीवर जेवायचे आणि निघताना तिला म्हणायचे, "एकदा येऊन पाह्य तं खरी." आई भांडी आपटायची. आम्हाला वाटे, ते नांदायला बोलावताहेत.

तर मी गेले. वणीपासून जीप, पुढे पायी. खाण म्हणजे एक मोठं पांढुरकं भगदाड, एका कोपऱ्यात हिरवं पाणी साचलेलं. कडेच्या फरशांवर दगडातच पाण्याच्या लहरी उमटल्या होत्या. इथे कोणे एके काळी समुद्राचा किनारा होता, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते आणि पोरं दरवर्षी जांभया देतात. त्या लहरींवर हात फिरवला आणि मला फार एकटं वाटलं. जिथून समुद्रसुद्धा निघून गेला, तिथे बाबा एवढी वर्षं एकटे राहिले होते.

मधोमध एक खांब उभा होता. किती दगड काढला ते मोजता यावं म्हणून खाणीत असा खांब न फोडता ठेवतात. त्याचा माथा म्हणजे मूळची जमीन. मोजणी झाली की तोही फोडतात. हा मात्र शाबूत होता, दोन पुरुष उंच, आणि माथ्यावर खुरटं सीताफळ. बुडाशी चुन्याचे थरावर थर, पापुद्रे सुटलेले.

शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीने विचारलं, "कोणाची वं तू?" मी बाबांचं नाव सांगितलं.

"खांबवाल्याची म्हण ना!" ती म्हणाली. "लय भांडला बाप्पा तो या खांबापायी. मोजणी झाली तरी कोणाले हात लावू देल्ला नाही. दर दिवाईले चुना लावे. आता कोण लावते?"

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती खाटेवर उठून बसली.

"सांगाचं तं होतं ना सरळ," ती म्हणाली. "नुसतं येऊन पाह्य, येऊन पाह्य."

मला दोघांचाही राग आला. एकाने बोलायचं नाही, एकीने ऐकायचं नाही, आणि मी बापाविना वाढायचं! तसं मी बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात डब्यात चुना भिजत होता. अख्ख्या गल्लीत त्या वर्षी कुणी चुना भिजवला नव्हता. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काहून वं, पोरीचं लग्न काढलं काय?" आई चुना ढवळत राहिली.

जीपमध्ये तिने तो डबा मांडीवर धरला. खाणीत उतरताना माझा हात झिडकारला. खांबाला हात पोचेल तिथवर तिने चुना लावला, मग पदराला हात पुसले आणि वर झाडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता पोराशी काही बोलेल.

ती बाबांशी बोलली. "आली मी," म्हणाली. "पाह्यलं."