‘येतो’ म्हटल्यावर बंद होणारी खिडकी

त्या वर्षीचं आकाश मला सगळं पांढरंच आठवतं. कधीतरी ते निळंही असणार, पण आठवणीत नाही. जालना रोडवर दोन्ही दिशांनी टँकर चालायचे. काही करमाडकडच्या गावांना पाणी घेऊन जायचे, काही शहरातल्या नव्या इमारतींच्या बांधकामाला. मुकुंदवाडीतल्या आमच्या खोलीच्या खिडकीतून आधी मोकळं रान दिसायचं. मग एका सुट्टीनंतर परत आलो, तर तिथं खांब उभे होते. त्या खांबांवर रोज कुणीतरी पाईपनं पाणी मारायचं आणि आम्ही दोघं रिकाम्या बादल्या घेऊन ते बघत बसायचो. दोघं म्हणजे मी आणि जालन्याकडचा माझा वर्गमित्र. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. वडील तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी चालवायचे. आमच्या घरात पदवीच्या इतक्या जवळ पोचलेला मी पहिलाच. पदवी म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणालाच सांगता आलं नसतं. पण ती येणार, एवढं सगळ्या गल्लीला माहीत होतं.

तेव्हा शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तयार मिळायचे. दुकानात गेलं की सीडी, छापील रिपोर्ट, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग, सगळं हातात. मित्रानं ग्रंथालयाच्या पुस्तकांची नोंद ठेवणारा एक प्रोजेक्ट आणला होता.

“लेका, तूबी तसलाच घे न् मोकळा हो,” तो म्हणायचा. “लई डोकं लावू नको, केस गळतील. आधीच डोक्याला पाणी नाय आठवडाभर.”

मी ठरवलं होतं की शेल लिहायचं. शेल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात आपण एक हुकूम टाईप करतो आणि यंत्र तो पाळतं. ती सी भाषेत, अगदी तळापासून लिहायची. आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्या मॅडमनी मला दुपारी लॅबमधलं कोपऱ्यातलं यंत्र वापरायला दिलं. “छोटं कर, पण स्वतःचं कर,” त्या म्हणाल्या. “आणि परीक्षेत मी तुझ्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही हं.” त्या दुपारी त्यांनी मला दिल्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे मी त्यांना नीट कधी सांगितलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

शेल कसं चालतं ते पहिल्यांदा समजलं, तेव्हा मी बराच वेळ नुसता पंख्याकडं बघत बसलो होतो. शेल स्वतः काम करत नाही. हुकूम मिळाला की ते आधी हुबेहूब आपल्यासारखंच दुसरं शेल जन्माला घालतं. पुस्तकात या दुसऱ्याला मूल म्हणतात आणि पहिल्याला पालक. मग ते मूल आपण कोण होतो हे पार विसरतं आणि सांगितलेलं काम होऊन जातं. तारीख विचारली तर तारीख सांगणारा प्रोग्रॅम होतं. काम झालं की संपतं. तोवर पालक काही करत नाही, नुसतं थांबून राहतं.

उन्हानं लॅबच्या खिडक्यांचे पडदे पिवळे व्हायचे आणि माझे डोळे मिटायला लागायचे. अर्धवट झोपेत मला गिरणीच्या ओट्यावर बसलेले वडील दिसायचे, अंगभर पीठ, रस्त्याकडं तोंड. जाग आली की यंत्राच्या पडद्यावर कर्सर तसाच लुकलुकत असायचा.

माझं शेल हुकमाची वाट बघताना ‘बोला’ म्हणायचं. रोमन अक्षरांत, पण बोलाच. हुकूम कळला नाही तर ‘सापडलं नाही’ म्हणायचं. बंद करायला सगळीकडं ‘एक्झिट’ असतं. मी तिथं ‘येतो’ ठेवलं. आमच्याकडं निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. लहानपणी एकदा उंबऱ्यात मी तसं म्हणालो, तर आईनं मला आत बोलावलं, पाट मांडून बसवलं, पाण्याचा घोट पाजला आणि ‘येतो’ म्हणायला लावून मगच सोडलं. त्यामुळं खिडकी मिटायला दुसरा शब्द मला सुचलाच नाही.

पण तो शब्द मी फारसा टाईप केला नाही. भारनियमनाचे दिवस होते. लॅबचा यूपीएस नावापुरता होता. काम रंगात आलं की वीज जायची आणि सगळे पडदे एकदम काळे व्हायचे. माझं शेल बहुतेक वेळा असंच बंद व्हायचं. पुन्हा वीज आली की पुन्हा नवं ‘बोला’.

परीक्षेला बाहेरून आलेले सर जाडजूड होते, मिश्यांखाली हसू होतं की नाही ते कळायचं नाही. माझ्या आधी आत गेलेल्या काही मुलांना त्यांनी पुढच्या सत्रात यायला सांगितलं होतं. प्रोजेक्ट विकतचे होते आणि मुलांना त्यातली एक ओळही समजावता आली नव्हती. पुढचं सत्र म्हणजे पदवी लांबली. वडिलांनी तर गावाकडं पेढ्यांचं सांगूनही ठेवलं होतं. माझ्या मागं मित्र उभा होता, तोंडातल्या तोंडात ग्रंथालय पाठ करत.

“कुठून घेतलं?” सरांनी बसल्या बसल्या विचारलं.

“मी लिहिलंय सर.”

“सकाळपासून सगळ्यांनीच लिहिलंय.” त्यांनी कीबोर्ड ओढला. तारीख विचारली, ती आली. फायलींची यादी मागितली, ती आली. मग त्यांनी ‘एक्झिट’ टाईप केलं. सापडलं नाही.

“बंद कसं करायचं हे?”

“येतो, सर.”

“कुठं निघालास?”

“नाही सर, येतो असं टाईप करायचं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मुद्दाम ‘जातो’ टाईप केलं. सापडलं नाही. मग ‘येतो’. पडद्यावर पुन्हा ‘बोला’ आलं. पुन्हा ‘येतो’. पुन्हा ‘बोला’. आणखी एकदा दाबल्यावर खिडकी मिटली.

“हे काय? येतो येतो म्हणतंय आणि दारातच उभं. आमचा मेहुणा असाच आहे.” ते हसले नाहीत. “असं का झालं? तू लिहिलंयस ना?”

असं याआधी मी कधीच पाहिलं नव्हतं. मॅडम भिंतीशी उभ्या होत्या, त्यांनी नजर वळवली. पंखा फिरत होता. बाहेर टँकर मागं घेताना वाजत होता, आणि मला वाटलं की मी फार लांबून, कुठल्या तरी उंच कठड्यावरून हे सगळं बघतोय. तिथून मला ते मूल दिसलं. कामासाठी पाठवलेलं, काम न सापडलेलं.

“सर, हुकूम सापडला नाही तर ते मूल तिथंच संपायला पाहिजे,” मी म्हणालो. माझा आवाज मला सावकाश ऐकू येत होता. “मी ते संपवलंच नाही. ते तसंच पुढं चालत गेलं, शेल होऊन बसलं, आणि तेच ‘बोला’ म्हणायला लागलं.”

“मग मी इतका वेळ कुणाशी बोलत होतो?”

“एक्झिटनंतर मुलाशी. जातोनंतर मुलाच्या मुलाशी.”

“आणि पहिलं शेल?”

“ते थांबलेलं होतं सर. पोराचं काम अजून चाललंय असं समजून.”

सरांनी कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. मी ‘सापडलं नाही’च्या खाली एक ओळ घातली: इथं संप. प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला. सरांनी एकामागून एक काहीबाही हुकूम टाकले, त्यात मला वाटतं त्या मेहुण्याचं नावही होतं. कुठलाच सापडला नाही. मग एकदाच ‘येतो’. खिडकी मिटली.

“दुकानातले प्रोजेक्ट एका झटक्यात बंद होतात,” कागदावर सही करत ते म्हणाले. “मुलं त्यांची दहादा तालीम करून येतात. ही चूक विकत मिळत नाही. ऊठ आता, पुढच्याला पाठव.”

दाराबाहेर मित्रानं माझा दंड धरला. “काय रे, काय काय विचारतोय? सांग लवकर.”

मला एकही प्रश्न आठवेना.