जाळीचा पाइप

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ह्यांनी एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. साखर कारखान्यातले एक इंजिनिअर नोकरी सोडून निघाले होते, त्यांच्याकडून. बिनछताची, दोनच माणसं बसतील अशी. सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "आन् आमी कुठं बसायचं रं?" हे नुसते हसले. मला मात्र मनातून बरं वाटलं. नऊ माणसांच्या घरात आम्हा दोघांना निवांत बसायला दुसरी जागाच नव्हती.

कुपवाडला ह्यांची लेथची शेड होती. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिथं गाडीचं काम काढायचो. इंजिन लवकर सुरू झालं, ब्रेक मात्र धरेना. पेडल दाबलं की लोण्यात पाय रुतल्यासारखं वाटायचं. ब्रेकच्या तेलाच्या पाइपातली हवा दोनदा काढली, तरी तेच. मग एकदा मला सीटवर बसवून हे गाडीखाली शिरले.

"दाब. सोड. आता लय जोरात दाब."

मी दोन्ही पायांनी दाबलं.

"रबराचा पाइप फुगतोय," हे खालून ओरडले. "तुझा जोर चाकापर्यंत जातच न्हाई!"

तसाच नवा रबरी पाइप सांगलीत लगेच मिळत होता. दुसरा होता तो पोलादी तारांची जाळी विणलेला. त्याचा एक तुकडा ह्यांनी कुठून तरी मिळवून आणला आणि माझ्या हातात दिला. कितीही दाबला तरी तो दबेना. पण तो मुंबईहून मागवावा लागणार होता, दीड महिना लागला असता. आणि ह्यांना मस्कतच्या नोकरीचं पत्र आलेलं, निघायला महिनाच उरला होता. त्याआधी पसरणीच्या घाटानं महाबळेश्वरला जायचं, फक्त आम्ही दोघांनी, असं ठरलं होतं.

"रबरीच घाला की," मी म्हटलं. "एकदाच तर जायचंय."

"चढून जाऊ गं. पण उतरताना ब्रेक न्हाई लागला तर? शेजारी तू असणार हायस."

त्यांनी जाळीचाच मागवला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. महिन्यातले दोन दिवस.

हे गेल्यावर पंधरा दिवसांनी पाइप आला. शेडमधल्या म्हाताऱ्या फिटरनं तो बसवला आणि म्हणाला, "वैनी, दाबा." पेडल दगडासारखं घट्ट लागलं. मी पाय तसाच ठेवून बसून राहिले. फिटर हात धुवायला निघून गेला.

मी ह्यांना पत्रातून सगळं कळवलं. 'पुढच्या वर्षी येतो, मग जाऊ,' असं उत्तर आलं. एका वर्षाची तीन वर्षं झाली. मधे शेड भाड्यानं दिली, गाडी ठेवायला जागा उरली नाही, म्हणून मामंजींनी ती खंडाळ्याच्या एका माणसाला विकून टाकली. मला विचारलं नाही. त्या दिवशी जेवण तेवढं गेलं नाही.

हे परत आले तेव्हा मी मिरज स्टेशनवर गेले होते. कानशिलांवरचे केस पिकले होते. टांग्यात आम्ही शेजारी शेजारी बसलो. मग ह्यांनी हळूच विचारलं, "बारीक झालीस व्हय गं?"

मी नाही म्हटलं आणि तोंड फिरवून रस्त्याकडेचा ऊस बघत राहिले.